घर नंबर सतरा, सुस्थितीत

दीनानाथ दातारांना स्वतःचं घर आहे, ही बातमी त्यांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऐन कचेरीत, तांबड्या शाईनं कळली.

कळली तेव्हा ते चहा पीत होते. ओठाशी गेलेली बशी तिथंच थांबली आणि निम्मा चहा सदऱ्यावर उतरला. समोर त्यांचाच अर्ज परत येऊन पडला होता. अर्जाच्या कडेला पुण्याच्या गृहयोजनेच्या साहेबांनी लिहिलं होतं, "अर्जदाराचे नावे राहते घर आहे. सबब अपात्र."

"घर? माझं?" दीनानाथ ओरडले. "कुठंय?"

त्यांचं ओरडणं कुणी मनावर घेतलं नाही, कारण ते नेहमीच ओरडत. त्यात बिचाऱ्यांचा दोष नव्हता. गेली चौदा वर्षं त्यांचं बिऱ्हाड भोरात पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. खाली गिरणीचा पट्टा फिरायला लागला की वर फडताळातली भांडी आपोआप पुढं सरकत. देवघरातला बाळकृष्ण सकाळी पूर्वेला तोंड करून बसवला तर दुपारी भिंतीकडं बघत असे. नवऱ्यानं बायकोला "मीठ वाढ" म्हणायचं तरी मानेच्या शिरा ताणून म्हणावं लागे. सौदामिनीबाईंनी रॉकेलच्या डब्यात लावलेली तुळस तर बारा वर्षं पिठानं पांढरी होती. शेजारीपाजारी तिला दातारांची पांढरी तुळस म्हणत. ही तुळस एक दिवस जमिनीत लावीन आणि त्या दिवशी तुमच्याशी हळू आवाजात बोलीन, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

म्हणून १९५८ साली सरकारची योजना निघाली तेव्हा पहिला अर्ज दीनानाथांचा होता. नदीपलीकडं दहा घरांची वसाहत व्हायची होती. दगड, विटा, कौलं सरकार देणार, अंगमेहनत ज्याची त्यानं करायची. तालुक्यातला कुणीही कमी मिळकतीचा माणूस चालेल, मात्र त्याच्या नावे कुठंही घर नको. दीनानाथांइतका बिनघराचा माणूस अख्ख्या भोरात दुसरा कोण होता? नऊ नावं मंजूर झाली. दहावं हे असं अडकलं. यादी एकतीस मेला बंद व्हायची होती आणि आज एकवीस होती.

दप्तरखान्याचा कुंडलिक एक जाडजूड वही घेऊन आला.

"भाऊसाहेब, रागवू नका," तो म्हणाला, "पर नोंद हाय. मौजे आंबेटाक. घर नंबर सतरा. दगडी, तीन खणी. मालक दीनानाथ त्र्यंबक दातार. स्थिती, सुस्थितीत."

"आंबेटाक? अरे, ते तर भाटघरच्या पाण्याखाली गेलं! तीस वर्षं झाली! कुठल्या गाढवानं हे सुस्थितीत लिहिलंय?"

कुंडलिकानं वही फिरवून त्यांच्यापुढं धरली. "गाढव न्हाई म्हनवत, भाऊसाहेब. अक्षर लई झ्याक हाय."

अक्षर खरंच झ्याक होतं. मोत्यासारखं. भोरात असं अक्षर एकाच माणसाचं होतं आणि तो आत्ता सदऱ्यावरचा चहा पुसत होता.

झालं होतं ते असं. संस्थान विलीन झालं तेव्हा जुन्या मोडी वह्या नव्या बाळबोध वह्यांत उतरवायच्या होत्या. मामलेदारांचा हुकूम होता, जसंच्या तसं उतरवा, शहाणपणा करू नका. दीनानाथांनी नऊ महिने मान खाली घालून तालुक्यातली घरंच्या घरं उतरवली आणि एका दुपारी त्यांच्या हाताखाली आंबेटाक आलं, घर नंबर सतरा, मालक त्र्यंबक दातार. म्हणजे दातार मास्तर, त्यांचे वडील. मास्तर तीनच आठवड्यांपूर्वी गेले होते. धरणाची भिंत उंच झाली तेव्हा सगळ्या गावानं भरपाई घेतली, पण मास्तरांनी घेतली नाही. "माझ्या घराची किंमत करणारे तुम्ही कोण?" असं साहेबाला तोंडावर विचारून ते बायकापोरांसह चालते झाले होते. ही गोष्ट दीनानाथ कचेरीत दर महिन्याला एकदा तरी छाती फुगवून सांगत. तर त्या दुपारी त्यांनी वारस म्हणून आपलं नाव घातलं, आणि पुढच्या 'स्थिती'च्या रकान्याशी त्यांचा टाक अडला. जुन्या वहीत तो कोरा होता. तिथं 'पाण्याखाली' लिहायला त्यांचा हात होईना. डोळे भरून आले होते. त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी लिहिलं, 'सुस्थितीत'. आयुष्यात एकदाच शहाणपणा केला आणि तो असा उलटला.

"खोडून टाका की," कुंडलिक हळूच म्हणाला.

दीनानाथांनी वर बघितलं. भिंतीवर पाटी होती, 'सरकारी दप्तरात खाडाखोड करणे गुन्हा आहे.' ती पाटीही त्यांच्याच अक्षरात होती.

घरी जाऊन त्यांनी हे सौदामिनीबाईंना सांगितलं. सांगितलं म्हणजे गिरणीच्या आवाजावर ओरडून सांगितलं.

"काय?" बाई ओरडल्या. "आपलं घर आहे?"

"आहे! म्हणजे नाही! कागदावर आहे!"

"चौदा वर्षं मी पीठ खातेय आणि तुमचं घर आहे? दगडी? तीन खणी? आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अगं, ते पाण्यात आहे! धरणाच्या पोटात!"

हे मात्र त्यांना ऐकू आलं. त्यांनी पुढं आलेली तपेली सवयीनं मागं ढकलली आणि त्या म्हणाल्या, "मग त्यात रडायचं काय? त्या साहेबाला उचला, भाटघरला न्या आणि पाणी दाखवा. पाणी बघून तरी कळेल ना मेल्याला! मीसुद्धा येते. तुम्ही ऐन वेळी भलतंच काहीतरी खरं बोलाल."

त्या काळात बायकोचं ऐकलं असं कुणी कबूल करत नसे, पण ऐकत सगळेच. दीनानाथांनी पुण्याला लिहिलं, आणि अठ्ठावीस मेला उपेंद्र मोडक नावाचे साहेब जीपमधून उतरले. वय तिशीचं, अंगानं काटकुळे, डोक्याला सोला टोपी आणि काखेत फाईल.

"हे पाहा दातार," साहेब जीपमध्येच म्हणाले, "मी दोनच गोष्टी मानतो. एक कागद, एक माझे डोळे. ऐकीव मला चालत नाही."

"डोळ्यांनीच दाखवतो साहेब!" दीनानाथ ओरडले. साहेबांनी कानात बोट घातलं.

वाटेत दीनानाथांच्या अंगात उत्साह मावेना. पाणी कसं दाखवायचं, बोट कुठून कुठं फिरवायचं, 'या पाण्यात माझं बाळपण आहे' हे वाक्य कुठं टाकायचं, सगळं त्यांनी मनात बसवलं होतं. तीस वर्षांत ते या बाजूला फिरकले नव्हते. मास्तरांची तशी ताकीदच होती. जाताना फक्त तुळया आणि वासे तेवढे उतरवून नेले, बाकीचं बुडालं म्हणजे बुडालं, मागं वळून बघायचं नाही. मे महिन्यात धरण आटतं, कळस दिसतात, हे त्यांनी ऐकलं होतं. पण ऐकलेलं आपण तरी कुठं मनावर घेतो?

"आता हे वळण गेलं ना साहेब," ते उभे राहून म्हणाले, "की बघा! पाणीच पाणी! नजर ठरणार नाही!"

वळण गेलं आणि नजर खरंच ठरेना. पाणी पार लांब, नदीच्या घळीत एवढंसं चकाकत होतं. अलीकडं भेगाळलेला गाळ, गाळावर हिरवंगार गवत आणि गवताच्या मधोमध एक गाव. बहुतेक घरांची नुसती जोती उरली होती. एक घर मात्र चांगलं उभं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, वर कारवीचं नवं छप्पर, कुडाचं दार, शेणानं सारवलेली ओसरी. छपरातून चुलीचा धूर निघत होता आणि अंगणात वीस-पंचवीस शेरडं निवांत रवंथ करत होती.

दीनानाथांचं बोट हवेतच राहिलं.

"पाणी कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"अगंबाई!" सौदामिनीबाई म्हणाल्या. "आपलं घर!"

जीप खाली उतरली. दाराच्या चौकटीवर दगडात कोरलेला छोटा गणपती होता, त्याची सोंड मोडलेली. ती दीनानाथांनीच सातव्या वर्षी विटीनं मोडली होती. त्यांनी जोडे काढले आणि चौदा वर्षं भाड्यानं राहिलेल्या माणसाच्या सवयीनं दारातून विचारलं, "येऊ का आत?"

आतून एक म्हातारी धनगरीण कपाळावर हात धरून बाहेर आली. मागोमाग तिचा नवरा, खांद्यावर घोंगडी. तो दीनानाथांकडं टक लावून बघत राहिला.

"मास्तरांचं दिनू का तुमी?"

दीनानाथांनी मान डोलावली.

"आरं द्येवा! कोंडे, मालक आलं! आपलं मालक आलं गं! मी गेणू, मालक. चिमाजी ढेब्याचा. तुमी एवढुसं हुता. आमच्या बोकडानं तुमची टोपी खाल्ली हुती, याद हाय का?"

"या की आत," कोंडाबाई म्हणाली. "आत्ता गं बया! सोताच्या घरात कुणी इचारून येतं व्हय?"

मोडकसाहेबांनी फाईल उघडली होती. ती वाक्यं त्यांनी लिहून घेतली.

आता दीनानाथांना घाम फुटला. ते मधे पडायला गेले, पण साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नाही. या बाबांना बोलू द्या. बाबा, हे घर यांचं?"

"मंग काय आमचं?" गेणू हसला. "मास्तर जाताना माज्या बाला म्हनलं, चिमाजी, उन्हाळ्यात पानी उतरलं तर ऱ्हा, घराला मानसाचा वावर पायजे. पर घर जप. तवापास्नं आमी जपतो. डोंगरावरलं झरं आटलं की खाली येतो. भितीचा एक दगूड हालू दिला न्हाई, सायेब."

"घर गळतं?"

"गळंल कसं? पावसाच्या आदीच आमी निगून जातो."

"पाण्याची सोय?"

"लई! आखाडात तर दारापातूर येतं. मंग आत. मंग वर."

"साहेब, ऐकलंत?" दीनानाथ ओरडले. "आत! वर!"

"ऐकलं. 'पाण्याची सोय मुबलक' असं लिहिलंय. बाबा, मग बाकीचे महिने या घरात कोण राहतं?"

"मासं," गेणू म्हणाला.

साहेबांनी लेखणी थांबवली, विचार केला आणि पुढं लिहिलं. नियमात 'राहते घर' एवढंच होतं. वर्षातले किती महिने आणि कुणी राहायचं, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात कोंडाबाईनं आतून एक शिंकं काढून आणलं. त्यात गाडगं होतं, गाडग्यात रवाळ, पांढरंशुभ्र तूप.

"ह्यो तुमचा वाटा, मालक," ती म्हणाली. "दर सालाला टांगून ठिवतो. मालक येत्याल, न्येत्याल. कुणी येत न्हाई, मंग निगताना बिरोबाला वाहतो. औंदा बिरोबा ऱ्हायला, मालक घावलं!"

दीनानाथांना वाटलं, ही बाई आपली आई असती तर बरं झालं असतं. पण साहेबांच्या भुवया टोपीत गेल्या होत्या.

"म्हणजे घराचं उत्पन्नही येतं?" ते म्हणाले. "दातार, अर्जात तुम्ही उत्पन्नात हे दाखवलेलं नाही. तूप. अंदाजे एक शेर."

"अहो साहेब, मी हे तूप आज पहिल्यांदा पाहतोय!"

"ते तुमच्या आणि तुपाच्या मधलं आहे."

दीनानाथांनी आशेनं बायकोकडं बघितलं. सौदामिनीबाई मात्र जागेवर नव्हत्या. त्या माजघरात उभ्या होत्या. कोंडाबाईनं दिलेलं ताकाचं भांडं हातात होतं. चूल नुसती धुमसत होती, कुठं काही हलत नव्हतं, भांडी ठेवलेल्या जागी गुपचूप बसली होती. पट्टा नाही, पीठ नाही. लांब एका शेळीच्या गळ्यातली घंटी तेवढी ऐकू येत होती. बाईंचे डोळे पाण्यानं भरले. आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा अगदी हळू, पण साहेबांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, किती छान घर आहे हो आपलं!"

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

आता काही उरलं नव्हतं. पण देव कधीकधी शेळीच्या रूपानं येतो. साहेब जोत्याची लांबी मोजायला वाकले, फाईल ओसरीवर उघडी राहिली, आणि एका काळ्या शेळीनं पाहणीचा अख्खा कागद, वरच्या शिक्क्यासकट, दोन घासांत संपवला. दीनानाथांनी मनातल्या मनात तिला हात जोडले. साहेब वळले, शेळीकडं बघितलं आणि शांतपणे फाईलीतून दुसरी प्रत काढली. सरकार काही एका प्रतीत लिहीत नसतं. तिसरी प्रत त्यांच्या खिशात होती.

मग मात्र दीनानाथांचा धीर सुटला.

"साहेब!" ते असे ओरडले की शेरडं उठून उभी राहिली. "ती नोंद खोटी आहे! मी लिहिलीय ती, माझ्या हातानं! जुन्या वहीत काही नव्हतं. वडील गेले होते, मला वाईट वाटलं, मी आपलं 'सुस्थितीत' लिहून टाकलं. खोटं लिहिलं! सरकारी दप्तरात! काय शिक्षा द्यायची ती द्या, पण मला घर नाही हो, मला घर नाही!"

"झालं, बोलले!" सौदामिनीबाई आतून धावत आल्या. "साहेब, ह्यांचं काही मनावर घेऊ नका. ह्यांना ऊन लागलंय!"

मोडकसाहेबांनी टोपी काढली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा माणसासारखा दिसला. त्यांनी भिंतीवर थाप मारली. छप्पर बघितलं, चौकट बघितली, सारवलेली ओसरी बघितली.

"दातार," ते म्हणाले, "तुम्ही खोटं लिहायला गेलात खरे, पण तुम्हाला ते जमलेलं नाही. घर सुस्थितीत आहे. नोंद बरोबर आहे. उगाच स्वतःवर आळ घेऊ नका."

दीनानाथ उंबऱ्यावर मटकन बसले. आयुष्यात एकदाच केलेलं पापसुद्धा त्यांच्या नावावर राहिलं नाही.

निघता निघता साहेबांनी गेणूला सहज विचारलं, "बाबा, तुमचं स्वतःचं घर कुठं?"

"डोंगरावं, सायेब. खोपटं हाय."

"कागदावर?"

"कागूद कशाला? डोंगराला म्हाईत हाय."

साहेबांनी एका निराळ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. दीनानाथांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते तुपाचं गाडगं मांडीवर घेऊन, बिरोबाचा वाटा आपण पळवतोय या विचारानं जीपमध्ये अवघडून बसले होते.

तीन जूनला यादी आली. नोटीस बोर्डावर लावायची यादी सुंदर अक्षरात उतरवायची असे, आणि ते काम कुणाचं हे सांगायला नको. दीनानाथांनी टाक बुडवला. एक, दोन, तीन, नऊ नावं उतरली. मान खाली होती, हात आपला चालला होता. दहावं नाव लिहून, त्याखाली रेघ मारून झाल्यावर त्यांनी ते वाचलं.

'१०. गेणू चिमाजी ढेबे. दप्तरी कोठेही घर नाही. पाहणीचे वेळी दुसऱ्याचे घरात आढळला. पात्र.'

टाक टेबलावरून गडगडत खाली गेला.

"काय झालं, भाऊसाहेब?" कुंडलिकानं विचारलं.

दीनानाथांच्या तोंडून आवाज फुटेना. असं कचेरीत पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळं सगळे घाबरून गोळा झाले.

गेणूला आठ दिवसांनी बोलावणं गेलं. तो आणि कोंडाबाई हातात सरकारी कागद घेऊन आले. वाचता येत नसल्यामुळं ते ओळखीच्या माणसाकडं आले, म्हणजे दीनानाथांकडं. नशीब बघा, आपलं घर दुसऱ्याला मिळाल्याचा हुकूम दीनानाथांनाच मोठ्यानं वाचून दाखवावा लागला. मोठ्यानं म्हणजे त्यांच्या मोठ्यानं. बाहेर वडाखालच्या लोकांनाही तो समजला.

"भोरात घर?" गेणू हबकला. "आन शेरडं कुठं बांदू? मालक, सायेबाला लिवा, नगं म्हनावं."

"नको म्हणता येत नाही, गेणूबाबा. वेळ गेली. आता नाव बदलत नाही. नाही म्हणालात तर दहावं घर बांधणारच नाहीत."

"मंग घिऊन कुलूप लावू?"

दीनानाथांनी कागद पुन्हा वाचला. "तेही नाही. 'घर सतत वापरात असावे. मालक नसल्यास मालकाच्या माणसाने राहून निगा राखावी. अन्यथा घर काढून घेण्यात येईल.'"

नवराबायकोनं एकमेकांकडं बघितलं. कोंडाबाईनं पदर सावरला.

"मालक," ती म्हणाली, "यात इचार काय करायचा? तीस वरीस आमी तुमच्या घरात ऱ्हायलो. आता तुमी आमच्या ऱ्हावा. मास्तरांनी माज्या सासऱ्याला सांगितलं त्येच आमी सांगतो. घराला मानसाचा वावर पायजे. पर घर जपा."

"म्हंजी तुमी आमचं मानूस," गेणू खुलासा करून म्हणाला.

भोरच्या कचेरीतला वरिष्ठ कारकून, दातार मास्तरांचा मुलगा, मोत्यासारख्या अक्षराचा धनी, गेणू ढेब्याचा माणूस! कुंडलिकानं हसू दाबायला तोंड दप्तरात घातलं. दीनानाथांचे कान लाल झाले. "विचार करून सांगतो," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी माडीवर त्यांनी बायकोला सगळं ओरडून सांगितलं. काय करावं, असंही ओरडून विचारलं. गिरणी भरात होती. सौदामिनीबाईंनी पूर्ण श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि नेमक्या त्याच क्षणी खाली गिरणीचा पट्टा तुटला. सगळीकडं चिडीचूप झालं आणि त्या शांततेत बाईंचा आवाज पार बाजाराच्या टोकापर्यंत गेला.

"अहो, राहा गेणूचे माणूस! कुणाचेही राहा! पण मला या पिठातून काढा!"

आता विचार करायला काही उरलंच नव्हतं. अख्ख्या भोरनं उत्तर ऐकलं होतं.

जोत्याचं खणकाम गेणूनं आणि दीनानाथांनी मिळून केलं. म्हणजे खणलं गेणूनं, आणि दीनानाथांनी दोनदा कुदळ उचलून तिसऱ्यांदा पाठ धरली. दिवाळीला घर उभं राहिलं. दारावर पाटी लागली, 'गेणू चिमाजी ढेबे', अक्षर अर्थात मोत्यासारखं. सौदामिनीबाईंनी तुळस डब्यातून काढून अंगणात लावली, आठ दिवस धुतली, तेव्हा ती मुळात हिरवी आहे हे शेजाऱ्यांना कळलं. दोघांचे आवाज मात्र लगेच खाली येईनात. पहिले दोन महिने दातारांकडं आज काय भाजी आहे, हे बाकीच्या नऊही घरांना रोज कळे. मग हळूहळू आवाज उतरले. एका दुपारी दीनानाथ "मीठ वाढ" असं इतकं हळू म्हणाले की बाईंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पुढच्या चैत्रात एक दिवस वसाहतीत घंट्या वाजल्या. डोंगरावरले झरे आटले होते, आणि गेणू-कोंडाबाई सगळं खिल्लार घेऊन भाटघरला, सतरा नंबरात, राहायला निघाले होते. वाट वाकडी करून ते आधी इकडं आले. दाराशी येऊन गेणूनं पायातल्या वहाणा काढल्या आणि संकोचून विचारलं, "येऊ का आत?"

"आत्ता गं बया!" सौदामिनीबाई म्हणाल्या. "स्वतःच्या घरात कुणी विचारून येतं होय?"

कोंडाबाई पदराआड इतकी हसली की तिला ठसका लागला. बाईंनी आढ्याचं शिंकं उतरवलं. त्यात बरणी होती, लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची. "हा तुमचा वाटा, मालक. दिवाळीपासून टांगून ठेवलाय."

गेणूनं बरणी दोन्ही हातांत घेतली, घराच्या भिंतीवर थाप मारून बघितली, कौलं बघितली आणि समाधानानं मान हलवली. "ब्येस जपलंय, मालक."

"तुम्हीच मालक, गेणूबाबा."

"हितं आमी. तितं तुमी."

दीनानाथांनी तोंड फिरवून अंगणात बघितलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. एक काळं करडू, गेल्या वर्षीच्या त्या कागदखाऊ शेळीचंच असणार, तुळशीपाशी उभं होतं. बारा वर्षं डब्यात काढलेली, पिठातून वाचलेली, आठ दिवस धुतलेली ती तुळस वरून निम्मी झाली होती आणि उरलेली होण्याच्या बेतात होती.

"अहो!" सौदामिनीबाई कुजबुजल्या. "ओरडा की!"

"तूच ओरड," दीनानाथ त्याहून हळू म्हणाले. "मालकांचं आहे ते."